फिक्या चहाची संगत

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात दवाखान्याचा अहवाल वाचला जातो : तापाचे रुग्ण किती, सर्पदंशाचे किती, बाळंतपणे किती. आज मी साखरेविषयी बोलणार आहे. डब्यातल्याही आणि रक्तातल्याही.

मधुमेह हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार, असे पुष्कळांना वाटते. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यात जव्हारकडच्या आमच्या पाड्यांवरच्या बायकाही आल्या.

या लोकांचे मूळचे जेवण म्हणजे नागलीची भाकरी, वरीचा भात, उडदाचे वरण आणि पावसाळ्यात शेवळी, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या. मग साखर आली कुठून? दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे पहाटेपासून काम, चूल पेटवायला सवड नाही. गोड कोरा चहा आणि बिस्किटाचा पुडा यावर भूक मारली जाते. पावसाळ्याच्या तोंडाला माणसे घरी परततात, आणि ही सवयही त्यांच्याबरोबर परतते.

आमच्याकडे तपासणीला येणारी एक मावशी मला म्हणाली, “बाय, मी एकटी फिका चहा पिईन. पण दारी आलेल्याला फिका कसा देऊ? लोक म्हणतील, हिच्या घरातली साखर सरली.” मला वाटते, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. गोड चहा हा तिच्या घराचा मान आहे. एकटीने तो सोडला तर कमीपणा येतो. दहा घरांनी मिळून सोडला, तर तीच पाड्याची रीत होते.

म्हणून साखर वाढलेल्या नऊ जणींचा एक गट केला. दर बुधवारी संध्याकाळी त्या एकीच्या ओट्यावर जमतात. प्रत्येकीने आठवड्यात काय जमले आणि काय नाही ते सांगायचे. कोणी रागवायचे नाही, कोणी हसायचे नाही. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या तर तेही सांगायचे. शिवाय प्रत्येकीला एक जोडीदारीण. पाण्याला जाताना ती विचारते, “आज चहात किती घातलीस?” माझ्या गोळ्यांच्या पाकिटाला असे विचारता येत नाही!

पहिल्याच बैठकीत आम्ही हिशेब केला. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम होते, म्हणजे सात-आठ चमचे. बिस्किटे त्यात धरलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की, ही वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत असावी हे उत्तम. गूळ आणि मधही त्यातच मोजायचा. गुळाचे ऐकून दोघी-तिघींचे चेहरे उतरले.

मग ठरले ते असे. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करायचा, म्हणजे जिभेला सवय होते. पाहुण्याला साखर वेगळ्या वाटीत द्यायची. सकाळी बिस्किटांऐवजी नागलीची भाकरी किंवा आंबील घ्यायची. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पण नागली हे औषध नव्हे. पोटभर तीच खाल्ली तर रक्तातली साखर तिनेही वाढते. म्हणून भाकरी मोजकी, डाळ-भाजी जास्त.

एक गोष्ट मी प्रत्येक बुधवारी सांगते. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करायचे नाही, आणि औषध घेऊन उपाशी राहायचे नाही. दरदरून घाम आला, हातपाय थरथरले, तर लगेच साखरेचे पाणी द्यायचे. त्या वेळी साखरच जीव वाचवते.

आज नऊपैकी सहा घरांत साखरेचा खर्च निम्म्यावर आला आहे. दोघींची रक्तातली साखर अजून वर आहे. त्या गोळ्या घेतात आणि बुधवार चुकवत नाहीत. एक जण भट्टीवर गेली. तिथल्या खोपटांतल्या तिघींना तिने फिक्या चहाला बसवले आहे, असा निरोप आला.

आता आपल्याकडे एक मागणे. नाताळात वसतिगृहाच्या मुलांसाठी आपण प्रेमाने खोकी पाठवता. त्यांतली बिस्किटे आणि गोळ्या-चॉकलेटे या वर्षी कमी करून शेंगदाणे, फुटाणे, डाळी पाठवाल का? अंड्यांसाठी थोडी रक्कमही चालेल. मुलांचा सण गोड व्हावा, पण रोजची जीभ गोडाला चटावू नये. आणि उपासनेनंतर आपल्या मंडळीत चहा होतो, तिथेही साखर वेगळ्या वाटीत ठेवून पाहा. पाड्यावरच्या नऊ बायकांना जे जमले, ते आपल्याला जमणार नाही असे मला वाटत नाही.