दोनशे चाळीस तास



परक्या देशातून आलेल्या माणसाला त्या देशाची भाषा कोणी शिकवायची, कोणाच्या खर्चाने आणि मुख्य म्हणजे कोणाच्या वेळात, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याचा वाटतो. स्वीडनच्या कामगार चळवळीने तो पन्नास वर्षांपूर्वी वेतनाचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न म्हणून मांडला. आज तेथे निर्वासित तरुणांच्या भाषाशिक्षणावरून जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायचा तर त्या मांडणीपासूनच सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धातून स्वीडनचे कारखाने शाबूत बाहेर पडले; कमतरता होती ती माणसांची. फिनलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस, तुर्कस्तान येथून कामगार आले आणि गोटेबर्ग, वेस्टेरोस यांसारख्या औद्योगिक शहरांत राबू लागले. १९६५ पासून त्यांच्यासाठी स्वीडिश भाषेचे विनामूल्य वर्ग निघाले. ते चालवण्याचा भार बव्हंशी लोकशिक्षणाच्या संस्थांनी उचलला. कामगार चळवळीने १९१२ साली स्थापन केलेला कामगार शिक्षण संघ हा त्यांतील अग्रणी. पण वर्ग विनामूल्य असला तरी विद्यार्थ्याची संध्याकाळ विनामूल्य नसते. पाळी संपवून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झापड येते, घरी मूल आजारी असते, जादा कामाचे दोन पैसे मिळत असतात. गिरणगावातील रात्रशाळा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

म्हणून १९७२ साली कायदा करण्यात आला आणि १ जुलै १९७३ पासून तो अमलात आला. त्यान्वये परदेशातून आलेल्या कामगाराला स्वीडिश शिकण्यासाठी २४० तासांपर्यंत भरपगारी रजेचा हक्क मिळाला. खर्च मालकाचा, वेळ कामाची. ज्याने स्वस्त श्रमासाठी माणूस बोलावला, त्यानेच त्याला बोलता येण्याची किंमत मोजावी, इतका सरळ न्याय त्यामागे होता. धोक्याची सूचना वाचता न येणारा कामगार यंत्रापुढे उभा करणे हा नफ्याचाच एक भाग असतो, हे कामगार संघटनांनी नीट ओळखले होते. ओलोफ पाल्मे यांच्या कारकिर्दीतील हा कायदा युरोपात अपूर्वच म्हटला पाहिजे.

त्याची दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. २४० तासांचा भुर्दंड नको म्हणून भाषा न येणाऱ्या माणसाला कामावर घेण्यासच मालक नाखूष होऊ लागले. शिवाय ज्या कामगार महासंघाने हा हक्क मिळवला, त्याच्याच आग्रहामुळे १९७२ पासून नॉर्डिक देशांबाहेरील कामगारांची आयात जवळपास थांबली होती. आत आलेल्यांना समता आणि बाहेर राहिलेल्यांना बंद दार, असे ते दुहेरी धोरण होते. तरीही आत आलेल्यांविषयीची त्याची भूमिका उदार होती यात शंका नाही. समता, निवडीचे स्वातंत्र्य आणि सहकार्य ही स्थलांतरितविषयक धोरणाची त्रिसूत्री १९७५ साली संसदेने मान्य केली, आणि १९७७ पासून स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत स्वतःची मातृभाषा शिकण्याची सोय मिळाली. नवी भाषा घेण्यासाठी जुनी टाकावी लागत नाही, हे तत्त्व तेथे कायद्यात आले.

पुढे येणारा माणूस बदलला. कारखान्याने बोलावलेल्या कामगाराऐवजी चिली, इराण, बॉस्निया, सोमालिया येथील निर्वासित येऊ लागला. त्याला मालकच नव्हता, मग भरपगारी तास देणार कोण? ऐंशीच्या दशकात तो हक्क संपुष्टात आला आणि भाषावर्गांची जबाबदारी नगरपालिकांवर आली. आजही हे वर्ग विनामूल्य आहेत. अल्पशिक्षितांपासून उच्चशिक्षितांपर्यंत तीन वेगवेगळे मार्ग त्यांत आहेत. समाजपरिचयाचा अभ्यासक्रमही आहे. त्याचे किमान तास २०२० साली ६० वरून १०० करण्यात आले. विशेष म्हणजे तो येणाऱ्याच्या मातृभाषेत किंवा त्याला चांगल्या अवगत असलेल्या भाषेत शिकवला जातो. कायदा आणि हक्क माणसाला आधी समजले पाहिजेत, भाषेची परीक्षा नंतर, हा विवेक अजून तेथे टिकून आहे.

खरा पेच आहे तो तरुणांचा. २०१५ साली स्वीडनमध्ये सुमारे १,६३,००० लोकांनी आश्रय मागितला. त्यांपैकी सुमारे ३५,००० ही आईबापांवाचून एकटी आलेली मुले होती, आणि त्यांत बहुसंख्य अफगाणिस्तानातील. सोळा-सतरा वर्षांच्या अशा मुलासाठी माध्यमिक शाळेच्या वरच्या टप्प्यात ‘भाषापरिचय’ नावाचा अभ्यासक्रम २०११ पासून आहे. नाव भाषेचे, पण पुढे जाण्यासाठी केवळ भाषा पुरत नाही. व्यावसायिक शिक्षणाच्या शाखेत प्रवेश हवा असेल तर स्वीडिश, इंग्रजी आणि गणित यांसह आठ विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या शाखांसाठी बारा विषयांत. आणि हे सारे वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास आटोपावे लागते, कारण त्यानंतर नव्याने त्या शाळेत प्रवेशाचा हक्क राहत नाही. स्वीडिश मूल जे नऊ-दहा वर्षांत शिकते, ते या मुलाने तीन वर्षांत शिकायचे. त्याची आधीची शाळा कदाचित मदरशातील दोन-चार वर्षांची असेल, कदाचित इराणमधील बांधकामावर मजुरी करण्यातच गेली असेल. हे न जमल्यास मुलगा ‘मंद’ ठरतो. घड्याळाला कोणी दोष देत नाही.

त्यातच २०१६ पासून निवासाचे नियम कडक झाले. तरुणांचा आक्रोश आणि नागरिकांचे आंदोलन यांमुळे २०१८ साली एक सवलतीचा कायदा झाला. अर्ज फेटाळले गेलेल्या वा जाऊ घातलेल्या सुमारे ९,००० तरुणांचा प्रश्न त्यामागे होता. त्यांनी शिक्षण चालू ठेवावे, तोवर त्यांना राहू द्यावे, असे ठरले. परंतु शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांत कायमची किंवा किमान दोन वर्षांची नोकरी मिळवली तरच कायम वास्तव्य. ज्या देशाच्या कामगार कायद्यात उमेदवारीचा काळच सहा महिन्यांपर्यंत असू शकतो, त्या देशात ही अट कोणी आणि काय विचार करून घातली असेल? दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच महामारी आली आणि हॉटेलांतील व दुकानांतील कामेच नाहीशी झाली.

१९७३ च्या कायद्यात भाषा हा कामगाराचा हक्क होता आणि कर्तव्य मालकाचे. २०१८ च्या कायद्यात शिक्षण ही तरुणाने देशात राहण्यासाठी भरायची किंमत झाली. मालकावर कसलेच बंधन नाही. आता नागरिकत्वासाठीही भाषेची व समाजज्ञानाची परीक्षा लावण्याच्या दिशेने तेथील शासनाची पावले पडली आहेत. परीक्षेला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. परंतु परीक्षा घेणाऱ्याने आधी शिकवण्याचा वेळ दिला पाहिजे, आणि वेळ म्हणजे पोट भरलेल्या माणसाचा निवांत वेळ. तो विकत घ्यावा लागतो. पूर्वी तो मालकाच्या पैशाने विकत घेतला गेला. शासनाच्या पैशानेही घेता येईल. तो झोपेतून काढून घ्यावा, ही कल्पना तेवढी सोडून द्यावी लागेल.

कारण आज घडते ते हेच. शाळेचे वय उलटलेला तरुण प्रौढशिक्षणाच्या वर्गात जातो. दिवसा तो वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो, गोदामात खोकी उचलतो किंवा सायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो, आणि कामावरून सुटल्यावर अपुरे राहिलेले गणित व स्वीडिश पूर्ण करण्यासाठी वर्गात येऊन बसतो. वर्ग पुन्हा संध्याकाळचा झाला आहे.