काउंटीचे दप्तर आणि गरिबाचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागरिकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलमांत असते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खोटे नाही. परंतु गरीब माणसाचे स्वातंत्र्य पुष्कळदा एखाद्या कचेरीतील नोंदवहीच्या एका ओळीवर टांगलेले असते. ती ओळ खरी आहे की चुकीची, चालू आहे की रद्द झालेली, आणि ज्याच्याविषयी ती लिहिली आहे त्याला ती पाहता येते की नाही, यावर तो माणूस रात्री घरी निजणार की कोठडीत, हे ठरत असते. अमेरिकेतील ग्रामीण काउंट्यांमधील वॉरंटांचे दप्तर हा याचा बोलका दाखला आहे. तेथे वॉरंटाची नोंद कशी शोधावी, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. खोलात गेले म्हणजे राज्यसत्ता आणि सामान्य माणूस यांच्यातील नाते त्यातून उघड होते.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. राज्य आणि गाव यांच्यामधला हा शासनाचा टप्पा होय. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसे राहतात, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे मोजली गेली. ग्रामीण काउंटी ही लोकसंख्येने बहुधा आपल्या तालुक्याहूनही लहान असते. तिच्या मुख्य गावी न्यायालयाची इमारत, तेथेच दप्तर सांभाळणाऱ्या न्यायालयीन क्लार्कचा विभाग, आणि जवळपास शेरीफची कचेरी व तुरुंग, असा सारा पसारा असतो. मुंबईचे शेरीफपद केवळ मानाचे. तेथील शेरीफ मात्र काउंटीच्या पोलीसदलाचा प्रमुख असतो आणि बहुतेक ठिकाणी तो लोकांनी निवडून दिलेला असतो. क्लार्कही पुष्कळ राज्यांत निवडणुकीनेच येतो.

वॉरंट हा न्यायालयाचा हुकूम आहे आणि तो बजावण्याचे काम पोलिसांचे आहे. हा साधा भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सर्व गोंधळ त्यातूनच निर्माण होतो. हुकूम काढणारा एक आणि बजावणारा दुसरा, म्हणून नोंदीही दोन. एक न्यायालयाच्या क्लार्ककडे, दुसरी शेरीफकडे. वॉरंटाचे प्रकारही वेगवेगळे आहेत. गुन्ह्याच्या आरोपावरून, शपथेवर दिलेल्या माहितीच्या आधारे निघते ते अटकेचे वॉरंट. घर वा मालमत्ता तपासण्यासाठी निघते ते झडतीचे वॉरंट. आणि तारखेला हजर न राहिल्याबद्दल किंवा न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दल न्यायाधीश स्वतः काढतो ते ‘बेंच वॉरंट’. गरिबांच्या वाट्याला विशेषेकरून येते ते हे तिसरे.

दोन नोंदींमध्ये मेळ नसला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे. अलाबामा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात कॉफी आणि डेल या शेजारशेजारच्या काउंट्या आहेत. जुलै २००४ मध्ये एक माणूस आपल्या जप्त झालेल्या गाडीतील वस्तू परत घेण्यासाठी कॉफी काउंटीच्या शेरीफच्या कचेरीत गेला. तेथील एका अधिकाऱ्याने त्याच्या नावावर वॉरंट आहे काय, याची चौकशी केली. कॉफी काउंटीत काही निघाले नाही. मग डेल काउंटीला दूरध्वनी करण्यात आला. तेथील संगणकाने सांगितले की तारखेला गैरहजर राहिल्याबद्दलचे वॉरंट चालू आहे. अधिकाऱ्यांनी त्या माणसाचा पाठलाग करून त्याला अटक केली; झडतीत अमली पदार्थ व पिस्तूल सापडले. इकडे डेल काउंटीतील कर्मचारी वॉरंटाचा प्रत्यक्ष कागद शोधू लागली, तर कागद मिळेना. न्यायालयाच्या क्लार्ककडे विचारता कळले की ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलेले आहे. ही दुरुस्ती कळवायला दहा-पंधरा मिनिटे लागली. तेवढ्यात अटक आणि झडती दोन्ही उरकली होती.

‘हेरिंग विरुद्ध अमेरिका’ या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. नोंद चुकीची होती, हे सर्वांनाच मान्य होते. तथापि ही चूक एकाकी निष्काळजीपणाची आहे, हेतुपुरस्सर केलेली नाही, म्हणून झडतीत मिळालेला पुरावा ग्राह्य धरावा, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतपत्रात इशारा दिला की, परस्परांशी जोडलेल्या अवाढव्य माहितीसाठ्यांतील चुका हा व्यक्तिस्वातंत्र्याला असलेला गंभीर धोका आहे. त्या माणसाजवळ काय सापडले, हा येथे मुख्य मुद्दा नाही. ज्याच्या खिशात काहीही नाही अशा माणसालाही त्याच चुकीच्या ओळीवर असेच पकडता आले असते, आणि त्याचे नाव कोणत्याही निकालपत्रात आले नसते.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळावे. पहिला प्रश्न काउंटी कोणती हा. वॉरंट माणसाच्या राहत्या काउंटीतून निघेलच असे नाही. प्रकरण जेथे घडले तेथून ते निघते. एकाच महामार्गावर तासाभरात तीन-चार काउंट्या ओलांडल्या जातात. महाराष्ट्रातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या एखाद्या तरुणाने परक्या काउंटीतील वेगमर्यादेच्या दंडाचा कागद खणात टाकून दिला, तर त्यातूनही वॉरंट निघू शकते. त्या कागदावर न्यायालयाचे नाव, तारीख आणि क्रमांक असतो. शोधाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

दुसरा प्रश्न न्यायालय कोणते हा. एकाच काउंटीत गावाचे नगर-न्यायालय निराळे, किरकोळ खटल्यांचे निराळे, गंभीर गुन्ह्यांचे निराळे, अशी व्यवस्था आढळते आणि त्यांची दप्तरेही निरनिराळी असू शकतात. एका कचेरीत नाव नाही म्हणजे कोठेच नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. लहान गावांची काही न्यायालये महिन्यातून मोजकेच दिवस बसतात. केंद्रीय न्यायालयांचे दप्तर तर सर्वस्वी वेगळे.

तिसरी पायरी क्लार्कच्या खिडकीची. खटल्याची नोंदवही सामान्यतः कोणालाही पाहता येते. नकलेला पानागणिक शुल्क पडते. नाव, जन्मतारीख आणि खटल्याचा क्रमांक ही तिन्ही ताडून पाहावी लागतात, कारण एकाच नावाची माणसे अनेक असतात. नोंदीत ‘गैरहजर’, ‘वॉरंट काढले’, ‘बजावले’, ‘मागे घेतले’ अशा अर्थाचे शेरे तारखांसह असतात. शेवटचा शेरा वाचल्याखेरीज नोंद वाचली असे म्हणता येत नाही. अद्याप न बजावलेली काही अटक-वॉरंटे, झडतीची वॉरंटे आणि बालकांची प्रकरणे मात्र पुष्कळ ठिकाणी जनतेसाठी खुली नसतात.

चौथी पायरी शेरीफच्या कचेरीची, आणि येथे खरा पेच आहे. ज्याच्या नावावर वॉरंट असण्याचा संभव आहे, तो स्वतः तेथे चौकशीला गेला आणि नोंद निघाली, तर त्याला तेथेच अटक होऊ शकते. म्हणून वकील किंवा विश्वासू माणूस यांच्यामार्फत विचारणा करणे शहाणपणाचे. ज्याच्यापाशी वकिलाचे पैसे आहेत त्याला माहिती सुरक्षितपणे मिळते, आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याला माहितीची किंमत अटकेने मोजावी लागू शकते.

संगणकाने हा पेच सुटला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. काही काउंट्या वॉरंटांच्या याद्या इंटरनेटवर देतात, अनेक राज्यांनी न्यायालयीन नोंदींची शोधव्यवस्था केली आहे. परंतु लहान न्यायालये त्यातून सुटलेली असू शकतात आणि नोंद ताजी असेलच असे नाही. पैसे घेऊन माहिती पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांची माहिती तर न्यायालयाच्या दप्तराची जागा घेऊच शकत नाही. एफबीआयचा राष्ट्रीय माहितीसाठा नागरिकांना खुला नाही, आणि काउंटीचे प्रत्येक वॉरंट त्यात चढवलेले असतेच असेही नाही.

ही वॉरंटे निघतात कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. २०१६ मधील युटा राज्याच्या एका खटल्यात न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी भिन्नमतपत्रात दाखवून दिले की, सरकारी माहितीसाठ्यांत ७८ लाखांहून अधिक वॉरंटे बजावण्यावाचून पडून आहेत आणि त्यांतील बहुसंख्य किरकोळ गुन्ह्यांची दिसतात. मिसुरीतील फर्ग्युसन या २१ हजार वस्तीच्या शहरात तब्बल १६ हजार लोकांवर वॉरंटे होती. फर्ग्युसन ग्रामीण नव्हे; परंतु दंडाच्या उत्पन्नावर कारभार हाकण्याची रीत खेड्यांतही पोचलेली आहे. अलाबामातील हार्पर्सव्हिल या छोट्या गावात दंडवसुली खासगी कंपनीकडे सोपवलेली होती. २०१२ मध्ये वरच्या न्यायाधीशांनी त्या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. दंड भरता येत नाही म्हणून तारखेला जाण्याची भीती, गैरहजेरीमुळे वॉरंट, वॉरंटामुळे अटक, अटकेमुळे नोकरी गेलेली आणि दंड होता तेवढाच, किंबहुना वाढलेला, असे हे चक्र आहे. जेथे बस नाही आणि वाहनपरवाना निलंबित झालेला आहे, तेथे चाळीस मैलांवरच्या न्यायालयात वेळेवर पोचणे हेच मुळी एक संकट असते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९८३ मध्ये ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, माणूस दंड का भरू शकला नाही याची चौकशी केल्यावाचून निव्वळ दारिद्र्यासाठी त्याला तुरुंगात टाकता येणार नाही. म्हणून वॉरंट सापडले तर लपून राहण्यापेक्षा वकिलामार्फत ते मागे घेण्याचा अर्ज करावा, नवी तारीख मागावी, ऐपतीची चौकशी व्हावी असा आग्रह धरावा. आणि वॉरंट रद्द झाले तरी काम संपत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत जवळ बाळगावी आणि शेरीफच्या दप्तरातून ती ओळ निघाली की नाही याची खात्री करून घ्यावी. डेल काउंटीचा धडा हाच आहे.

यावर आक्षेप घेतला जातो की, दप्तर उघडे केले तर खरे गुन्हेगार सावध होऊन पळतील. काही गंभीर गुन्ह्यांच्या तपासापुरता तो आक्षेप रास्त आहे. परंतु ज्याला भर न्यायालयात तारीख दिली होती आणि जो ती चुकला, त्याच्यापासून काय लपवायचे? त्याला वेळेवर कळले तर तो पळण्याऐवजी हजर होण्याचाच संभव अधिक. गुप्ततेचा लाभ येथे न्यायाला मिळत नाही; तो दप्तरातील ढिलाईला मिळतो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० प्रमाणे न्यायालयाने काढलेले वॉरंट ते बजावले जाईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत अमलात राहत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये तीच तरतूद कायम आहे. सत्याग्रहात वा मोर्चात धरपकड झालेल्या कार्यकर्त्याने दोन तारखा चुकवल्या, तर त्याचे वॉरंट वर्षानुवर्षे ठाण्यात जिवंत राहू शकते. येथेही हुकूम काढणारे न्यायालय एकीकडे आणि बजावणारे पोलीस ठाणे दुसरीकडे. रद्द केल्याचा आदेश एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात पोचला की नाही, हे पाहणारा कोणी तरी असावा लागतो.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील एका चुकीच्या नोंदीने शेतकरी देशोधडीला लागतो, हे तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको. वॉरंटाची नोंद ही त्याच जातीची, फक्त तिच्यात जमिनीऐवजी माणूस पणाला लागतो. आपली नोंद विनामूल्य व निर्भयपणे पाहण्याचा हक्क, चुकीची नोंद ठरावीक मुदतीत दुरुस्त करून घेण्याचा हक्क, आणि त्यासाठी गरिबाला मोफत वकील, या मागण्या साध्या आहेत. त्या मान्य होईपर्यंत न्यायालयाची खिडकी आणि ठाण्याची वही यांच्यामधले अंतर कार्यकर्त्यालाच पायी तुडवावे लागेल. सभेतील भाषणाइतकेच तेही चळवळीचे काम आहे.