मोरे, गोरे आणि दीक्षित



शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नावं मराठीत, आणि आपण भरलेल्या ऑनलाइन फॉर्ममधली इंग्रजीत. दोन्ही जुळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘तू कॉम्प्युटरमधली!’

आधी रजिस्टरमधली नावं रोमन लिपीत उतरवली. तेवढ्यातच काळे आणि काले एक झाले.

स्पेलिंगचं हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल यांना ‘साउंडेक्स’चं पेटंट मिळालं. आज ही पद्धत वापरतात ती अशी: पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. चौधरीची सगळी स्पेलिंगं त्यात एका कोडाखाली येतात. पण जोशी आणि जोग या दोघांचाही कोड जे-२००! आणि डब्ल्यूचा वाघ व व्हीचा वाघ मात्र वेगळेच राहतात, कारण पहिलं अक्षर हलत नाही.

दुसरी पद्धत रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांची, १९६५ची. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. मोरेचं गोरे एका अक्षरात होतं. के-एस-एचने लिहिलेल्या दीक्षितला एक्सच्या दीक्षितपर्यंत पोचायला तीन बदल लागतात. म्हणजे परके जवळ आणि घरचे लांब.

एकाला दोन निमंत्रणं गेली तर तो हसतो. दोघांना एक धरलं तर एकाला निमंत्रणच जात नाही, आणि त्याला वाटतं, शाळा मला विसरली. म्हणून प्रोग्रामने फक्त जोड्या सुचवायच्या, पुसायचं काही नाही, असं ठेवलं. पडताळायला जन्मतारीख होती. (तिचाही फार भरवसा नको; आपल्यातले बरेच जण १ जूनलाच जन्मले आहेत!)

मुलींचं गणितच वेगळं. लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, काहींचं पहिलंही. तिथे कुठलं सूत्र चालणार? माहेरच्या नावाचा रकाना होता, पण अनेकींनी तो रिकामा सोडला. त्यांना शोधून दिलं ते बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींनी.

न जुळलेली नावं मागच्या टेबलावर तुकडीवार लावली आहेत. जेवायला जाण्याआधी आपापल्या तुकडीचं पान बघा, ओळखीचं कुणी दिसलं तर पुढे तिचं-त्याचं आजचं नाव लिहा. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय.