स्क्रीनसमोरचा माणूस



सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू इंजिनीअर ना? मग डिझाइन काय करतेस, चित्रं काढतेस?" माझी चित्रकला बाईंना आठवत असेल! म्हणून थोडं त्याविषयीच बोलते.

पहिली चार वर्षं मी प्रोग्रामिंग केलं. कंपनीचं गोदामांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर होतं. मी टेमघरची, म्हणून भिवंडीतल्या गोदामाची तक्रार आली की मलाच पाठवायचे. हिशेब चोख यायचा. तरी तिथले कारकून काका आधी वहीत लिहायचे आणि संध्याकाळी सगळं कॉम्प्युटरवर चढवायचे. ऑफिसचं म्हणणं एकच, "त्यांना ट्रेनिंग द्या."

मी दोन दिवस काकांच्या बाजूला बसले. दारात ट्रक उभा, हमाल कापडाच्या गाठी उतरवताहेत आणि एका नोंदीला तीन स्क्रीन, त्याही इंग्रजीत. बटण दाबल्यावर नोंद झाली की नाही, कळायला मार्ग नाही. वहीत लिहिलेलं निदान डोळ्यांना दिसतं. काकांचंच बरोबर होतं.

आपण यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कामगाराला लगेच कळतं. त्या स्क्रीनला तेवढंही येत नव्हतं.

मी तिन्हींची मिळून एक स्क्रीन कागदावर काढली. काकांनी पेन्सिलीने त्यात फेरफार सुचवले. नोंद झाली की मोठ्या अक्षरांत 'जमा झाले' दिसू लागलं आणि वही कपाटात गेली.

या कामाला 'युजर एक्सपिरियन्स' म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९० च्या दशकात अ‍ॅपलमध्ये असताना हे नाव रूढ केलं. पवईच्या आयआयटीत डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे, पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी हेच काम मागितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "टीम लीडची जागा सोडून रंगरंगोटी कशाला?" जागा गेली, पगारवाढही थांबली. घराचे हप्ते चालू होते. रात्री आम्ही दोघं हिशेब मांडून बसलो. नवरा म्हणाला, "दोन वर्षं ओढू." तीन ओढावी लागली.

आज घरोघरी आईवडील मोबाइलवर बिल भरताना मुलांना हाक मारतात. "तुम्हाला जमत नाही," असं म्हणू नका. शेजारी बसा, कुठे अडतंय ते बघा. बहुतेक वेळा खोट त्या स्क्रीनमध्येच सापडते. तुमच्या मुलांपैकी कुणाला हे शिकायचं असेल, तर जेवणानंतर मला जरूर गाठा.