बूट उतरवा, पाय बघू

फौजेत लांब मार्चनंतर आम्ही जवानांचे बूट उतरवून पाय तपासायचो. फोड लहान असतानाच सापडला, तर गडी दुसऱ्या दिवशी चालतो. इथे उरल्यात नातवाच्या बियर्डेड ड्रॅगनच्या बाबतीत मात्र मी ही शिस्त विसरलो.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला सरडा. कात टाकतो तुकड्यातुकड्यांनी. बोटावर राहिलेलं कातीचं कडं वाळून दोऱ्यासारखं आवळतं आणि पुढे रक्त पोचत नाही. आमच्या राजाचं मागचं एक बोट काळसर दिसायचं. मी म्हणायचो, धूळ असेल. इथल्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ कशावर बसत नाही? शेवटी नातूच म्हणाला, "आजोबा, हा पाय टेकत नाही." डॉक्टरांना बोटाचं टोक काढावं लागलं. चूक माझी.

आता प्रत्येक कातीनंतर बोटं आणि शेपटीचं टोक बघतो. कडं दिसलं तर कोमट पाणी, पाय बुडतील इतकंच, दहा-पंधरा मिनिटं. मग मऊ टूथब्रश हलक्या हाताने. ओढायचं अजिबात नाही. आज नाही निघालं तर उद्या. सूज किंवा काळेपणा दिसला, तर घरचे उपाय बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

पाय थरथरत असतील तर ते दुखणं वेगळं. बहुतेकदा कॅल्शियम आणि यूव्हीबी किरण कमी पडतात. खिडकीतलं ऊन चालत नाही, साधी काच ते किरण अडवते. त्यालाही डॉक्टरच हवा.

राजा मजेत आहे. साडेएकोणीस बोटांवर झुरळामागे पळतो.