हिरड्यांतला जिवाणू, अन्ननलिकेतला तुकडा

घास अडकू लागला की सातारा-सांगलीकडचा माणूस कराड नाहीतर मिरज गाठतो. डॉक्टर दुर्बीण घालून अन्ननलिकेतला छोटासा तुकडा काढतात, तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात, आणि पुष्कळदा नातेवाईकच ती बाटली पॅथॉलॉजीत नेऊन देतात. कर्करोग आहे की नाही, हे त्यावरून ठरते. आता संशोधक त्याच तुकड्यात पायोरियाचे जिवाणूही शोधू लागले आहेत.

2016 साली चीनच्या हेनान प्रांतातल्या डॉक्टरांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाचे 100 रुग्ण तपासले. 61 टक्के गाठींत हिरड्या पोखरणारा पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस सापडला. गाठीशेजारच्या भागात तो 12 टक्केच होता, निरोगी अन्ननलिकेत मुळीच नव्हता. त्याच वर्षी जपानमधल्या कुमामोतोच्या संशोधकांना 325 पैकी 74 गाठींत फ्युझोबॅक्टेरियम हा तोंडातलाच दुसरा जिवाणू आढळला. अशा गाठींचे रुग्ण तुलनेने कमी काळ जगले होते.

पण श्रोतेहो, लाळ दिवसभर अन्ननलिकेतूनच खाली उतरते आणि दुर्बीणही तोंडातूनच आत जाते. मग सापडलेला जिवाणू गाठीत वस्तीला होता, की लाळेबरोबर येऊन वर चिकटला?

तुकडा ताजा असेल तर जिवाणू वाढवून पाहता येतो. पोर्फिरोमोनासला प्राणवायू सोसत नाही. म्हणून रक्त घातलेल्या माध्यमाची बशी प्राणवायू काढून टाकलेल्या डब्यात ठेवायची आणि आठवडाभर वाट पाहायची. मग तिच्यावर काळ्याशार ठिपक्यांसारख्या वसाहती उमटतात. फॉर्मालिनमध्ये मात्र जिवाणू मरतात. तो तुकडा पुढे पॅराफिनच्या मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात.

या कापांतून डीएनए वेगळा करून पीसीआर केला, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढल्या, तर जिवाणूचा अगदी थोडा अंशही पकडता येतो. फॉर्मालिनने डीएनएचे तुकडे पडलेले असतात, म्हणून जनुकाचा आखूड भागच शोधावा लागतो. पण जिवाणू नेमका कुठे बसला होता, हे पीसीआर सांगत नाही. त्यासाठी अखंड कापावर प्रतिपिंडांचा रंग चढवतात किंवा जिवाणूच्या जनुकाला चिकटणारा डीएनएचा चमकणारा धागा सोडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: तो पेशीच्या आत आहे की वरच्या चिकट थरात. पीसीआर आणि सूक्ष्मदर्शक, दोन्हींचे पुरावे जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शिवाय नुसत्या मेणाचाही काप तपासावा, कारण जिवाणू मेणातून, रसायनांतूनही येतात.

ही काळजी अनाठायी नाही. 2020 साली ‘नेचर’मध्ये आलेला, कर्करोगातल्या जिवाणूंवरचा एक गाजलेला लेख 2024 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण माणसाचा डीएनए संगणकाने जिवाणूंचा म्हणून मोजला होता. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने गाठींच्या डीएनएच्या अशा माहितीतून जंतू निवडून काढणारी संगणक-प्रणाली बनवली आणि 2022 मध्ये जिभेच्या कर्करोगातल्या फ्युझोबॅक्टेरियमवर संशोधन प्रसिद्ध केले.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, मिश्रीचा. भाजलेली तंबाखू रोज हिरड्यांवर घासणाऱ्या बायका इथे पुष्कळ आहेत. तंबाखू हिरड्याही बिघडवते आणि कर्करोगही आणते. मग दोष जिवाणूचा की मिश्रीचा, हे एकटी प्रयोगशाळा सांगू शकत नाही. म्हणून तुकड्याबरोबरच्या कागदावर मिश्री किती वर्षे लावली, हिरड्यांतून रक्त येते का, दात कधी पडले, एवढे तरी लिहिलेले असावे. मेणातले तुकडे वर्षानुवर्षे टिकतात, पण ही माहिती मागाहून मिळत नाही.