प्लेटची पत्रिका

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘दाबपात्रांसाठी उष्णोपचारित पोलादी प्लेटची निवड’ असं छापलं आहे. ते वाचून निम्मी मंडळी अंताक्षरी किती वाजता आहे हे विचारून गेली, असं सचिवांनी मला सांगितलं. तरीही आपण इतके जण बसला आहात, त्याबद्दल आभार. दाबपात्र म्हणजे प्रेशर व्हेसल. बॉयलर, इंजिनावरची हवेची टाकी, गॅस वाहणारी वाघीण, रिफायनरीतले उंच मनोरे, ही सगळी एकाच घराण्यातली. आत दाब, बाहेर आपण, आणि मध्ये काही मिलिमीटर पोलाद.

या विषयाशी आपल्या कोलकात्याचं नातं जुनं आहे. १८६३ साली या शहरात एक बॉयलर फुटला आणि त्यात अनेकांचे जीव गेले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालच्या कौन्सिलनं बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून १९२३ साली सबंध देशासाठी एक कायदा झाला. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली आहे. रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलर १९२३ च्या कायद्यातून वगळलेले होते, ते रेल्वे स्वतःच तपासत असे. म्हणजे आमच्या खात्यावर विश्वास तरी होता, नाहीतर इलाज नव्हता. काय ते ठरवा.

आता प्लेटकडे वळतो. गावाकडे घिसाडी विळ्याला पाणी देतो ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. लालभडक पातं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होतो आणि धार कडक होते. पण नुसतं पाणी दिलेलं पातं दगडावर आपटलं तर टवका उडतो. म्हणून तो ते पुन्हा थोडं शेकतो. कडकपणा जरा उतरतो, चिवटपणा येतो. पोलाद कारखान्यात याहून वेगळं काही होत नाही, फक्त विळ्याच्या जागी कित्येक मीटर लांबीची प्लेट असते.

रोलिंग मिलमधून निघून आपोआप थंड झालेली प्लेट ही सगळ्यात साधी. तीच पुन्हा साधारण ९०० अंशांपर्यंत तापवून उघड्या हवेत निवू दिली की आतला दाणा बारीक होतो. याला नॉर्मलायझिंग म्हणतात. आणि तापवून पाण्यानं झटकन थंड केली, मग सहाशेच्या वर पुन्हा शेकली, तर ती क्वेंच्ड अँड टेम्पर्ड. जाड प्लेट सावकाश निवते, त्यामुळे तिचा दाणा भरड राहतो. म्हणूनच ए ५१६ या अमेरिकी मानकात ४० मिलिमीटरपेक्षा जाड प्लेट नॉर्मलाइझ केलेलीच हवी असं म्हटलं आहे.

वर्गीकरणातली खरी मेख पुढे आहे. ए ५३७ नावाची एक प्लेट आहे. तिचा क्लास १ नॉर्मलाइझ केलेला, क्लास २ पाणी देऊन शेकलेला. रसायन दोघांचं एकच! पण ६५ मिलिमीटर जाडीपर्यंत पहिली एका चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलोचा ताण सोसते, दुसरी सुमारे ४२ किलोचा. त्याहून जास्त वाकवलं तर कायमचं वाकतं. म्हणजे दोन सख्ख्या बहिणी, फरक फक्त संस्कारांचा. प्रयोगशाळेत कार्बन आणि मँगनीज मोजून ही कोण ते कळणार नाही.

उलटाही प्रकार आहे. ए ५१५ आणि ए ५१६, दोन्हींत ग्रेड ७० मिळते, ताकदीचे आकडे सारखेच. पण पहिली भरड दाण्याची, जास्त तापमानात चालणाऱ्या भांड्यांसाठी. दुसरी बारीक दाण्याची, मध्यम आणि कमी तापमानासाठी. आपल्याकडेही अशीच वाटणी आहे: आयएस २००२ बॉयलरसारख्या गरम कामांसाठी, आयएस २०४१ मध्यम आणि थंड कामांसाठी. आणि आयएस २०६२ हे तुळया, खांब, पूल यांचं पोलाद. कुणी ‘तेही तेवढंच मजबूत आहे, दादा’ म्हणालं तरी ते इथे चालवायचं नाही.

थंडीचा प्रश्न कोलकात्यात कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मे महिन्यात इथे आपणच वितळतो. पण स्वयंपाकाच्या गॅसमधलं प्रोपेन उघड्या हवेच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतं. टाकीतला दाब एकाएकी सुटला की आत उरलेला द्रव त्या दिशेनं थंड होत जातो, बाहेर भर दुपार असली तरी. गॅसच्या वाघिणीची प्लेट निवडताना बाहेरचा उन्हाळा बघून भागत नाही. दाभोळला येतो तो द्रवरूप नैसर्गिक वायू तर उणे १६२ अंशांचा. तशा थंडीसाठी ९ टक्के निकेलचं पोलाद वापरतात.

थंडीत पोलाद काय करतं ते जगानं १९४३ मध्ये पाहिलं. त्या जानेवारीत अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मधोमध दुभंगलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात आपला हावडा ब्रिज सुरू झाला, तो अजून उभा आहे. ब्रिज रिव्हेटचा आहे, त्यामुळे एका प्लेटची भेग तिच्या कडेपर्यंत जाऊन थांबू शकते. वेल्डिंगचं जहाज म्हणजे एकच अखंड प्लेट, भेगेला अडवणारं कुणी नाही. दाबपात्रही तसंच अखंड. म्हणून शार्पी चाचणी लागते: १० मिलिमीटर चौरस तुकड्याला खाच पाडायची, ठरलेल्या तापमानापर्यंत थंड करायचा आणि लंबकाच्या हातोड्यानं तोडायचा. तुटताना त्यानं किती ऊर्जा खाल्ली, तो त्याचा चिवटपणा.

मग सगळ्यात ताकदवान प्लेटच का घेऊ नये? ए ५१७ एका चौरस मिलिमीटरला सुमारे ७० किलो सोसते. जाडी कमी, वजन कमी, हिशेबनीसही खूश. पण ताकद वाढली म्हणून ताठपणा वाढत नाही, तो सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच. पातळ टाकी आत निर्वात झाली की चेपते. वेल्डिंगचे नखरे वाढतात, जोडाशेजारी तडे जाण्याची भीती वाढते. माझं मत स्पष्ट आहे: वजनावर सगळा खेळ अवलंबून नसेल तर मध्यम ताकदीची, नॉर्मलाइझ केलेली, चिवट प्लेट घ्यावी आणि रात्री झोपावं.

आपली प्लेट निवडून झाली म्हणजे काम संपलं असं नाही. ज्या उष्णोपचारासाठी पैसे मोजले, तो आपणच कारखान्यात पुसून टाकू शकतो. टाकीचं घुमटाकार झाकण लाल करून दाबलं की मिलमधला संस्कार गेला, तो पुन्हा द्यावा लागतो. प्लेट ६२० अंशांवर शेकलेली असेल आणि वेल्डिंगनंतर ताण उतरवायला आपण ६५० अंश दिले, तर ताकद खाली येते. म्हणून ऑर्डर देतानाच, आपण पुढे जो ताप देणार तोच नमुन्याच्या तुकड्यालाही देऊन मग चाचणी घ्या, असं लिहून द्यायचं असतं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रोमिओव्हिलच्या रिफायनरीतलं. मनोरा ए ५१६ ग्रेड ७० चा, प्लेट २५ मिलिमीटरची, म्हणजे निवडीत खोट नव्हती. १९७४ मध्ये त्याचा एक पट्टा जागेवरच बदलला. नव्या जोडांना नंतर ताण उतरवण्याचा ताप दिला गेला नाही. जोडाशेजारी कडक पट्टी राहिली, आतल्या वायूतल्या हायड्रोजननं तिच्यात तडे पाडले. २३ जुलै १९८४ ला कामगाराला साधारण १५ सेंटिमीटरची भेग दिसली, त्यातून गॅस येत होता. तो झडप बंद करू लागला तोवर भेग वाढली. मग मनोरा फुटला आणि १७ माणसं गेली. त्यातले बरेचसे आग विझवायला धावलेले होते.

आता पत्रिकेविषयी. प्रत्येक प्लेटवर हीट नंबर ठोकलेला असतो आणि सोबतच्या मिल सर्टिफिकेटवर तोच नंबर, रसायन, ताकद, शार्पीचे आकडे आणि दिलेला उष्णोपचार. लग्नात पत्रिका बघावी की नाही यावर आपल्यात वाद होईल, इथे होऊ नये. एकदा एका पुरवठादाराची प्लेट आली, कागद देखणा, शिक्के तीन. प्लेटवरचा नंबर मात्र दुसराच. माणूस म्हणाला, “एकदम भालो माल, दादा!” माल भालो असेलही. आम्ही तो परत पाठवला.

आणखी एक सवय माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी. प्लेट कापण्याआधी नंबर दोन्ही भागांवर उतरवायचा, तोही बोथट टोकाच्या ठशानं, कारण तीक्ष्ण ठशाची खूण म्हणजे भेगेला आयतं आमंत्रण. आधी कापली आणि नंतर आठवण झाली, तर उरलेला तुकडा अनाथ. अनाथ तुकड्याचा जिना करा, बाकडं करा, टाकी करू नका.

ज्यांना यातलं काही नको होतं त्या वहिनींसाठी शेवटचं. उष्णोपचार केलेलं एक दाबपात्र तुमच्या घरात आहेच: गॅसचा सिलिंडर. त्याच्या पत्र्याला आयएस ६२४० हे वेगळं मानक आहे आणि वेल्डिंगनंतर अख्खा सिलिंडर भट्टीतून काढतात. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूनं एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. त्या तिमाहीत त्याची पुढची तपासणी ठरलेली असते. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारात आला, तर तो तिथूनच परत पाठवा. मोदकांना अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.